डिसेंबरातले तास कोण खातं?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत वसईतल्या एका पालकांचं पत्र आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते ती नावाला, नाताळापर्यंत प्राथमिकच्या मुलांच्या वह्या कोऱ्या राहतात आणि जानेवारीत आम्हाला शिकवणी शोधत फिरावं लागतं, अशी त्यांची तक्रार होती. ‘सणांचे लाड बंद करा, सुट्ट्या कमी करा’ असा उपायही त्यांनी सुचवला आहे. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत तिसरीला शिकवते. त्या गृहस्थांची तक्रार निम्म्याहून अधिक खरी आहे. उपाय वाचून मात्र आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं वाटलं, म्हणून हे पत्र.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं. नाताळ आमच्याकडे मॉलमधून आलेला नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज निघून गेले. पण पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या गावांतली चर्चं राहिली आणि नाताळही राहिला. देवळात प्रार्थना मराठीत, घरी बोली कुणाकडे कादोडी, कुणाकडे वाडवळी. (चर्चला आमच्याकडे जुनी माणसं देऊळच म्हणतात.) नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. या दिवसांत आळीआळीत गोठ्यासाठी, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यासाठी, माती, पेंढा, दगड गोळा होतात, पोरं रात्री उशिरापर्यंत कंदील बांधत बसतात, घराघरांत करंज्या, नानकटाई आणि कुलकुलची गडबड असते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात हे चाललेलं असतं आणि उरलेल्यांच्या शेजारी. मुलांचं लक्ष डिसेंबरात कुठे असतं हे शोधायला मानसशास्त्र लागत नाही.

आता तास कुठे जातात ते सांगते. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे दिवसाला चार तास. नाताळाची सरकारी सुट्टी एक दिवसाची. आमच्यासारख्या काही शाळा आठवडाभर सुट्टी घेतात, पण ती दिवाळीच्या सुट्टीतून कापून. तिथे मुलांचं काही जात नाही. जातं ते गॅदरिंगमध्ये. नाताळाच्या सुट्टीआधी गॅदरिंग उरकायचं, ही इथल्या बऱ्याच शाळांची रीत. त्यासाठी नोव्हेंबरच्या अखेरीपासून तालीम. रोज दोन तास, तीन आठवडे, सहा दिवसांचा आठवडा धरला तर ३६ तास. चारने भागा. नऊ दिवस झाले. सुट्ट्या मोजणाऱ्या पालकांच्या कॅलेंडरवर हे नऊ दिवस दिसत नाहीत, कारण त्या दिवशी मूल दप्तर घेऊन शाळेत गेलेलं असतं.

आणि हा हिशेबही नाचणाऱ्या मुलांचाच झाला. माझ्या वर्गात ३८ मुलं. नाचासाठी निवडली जातात सोळा. ती खाली मैदानात गेली की माझ्यासमोर बावीस उरतात. या बावीस जणांना मी नवीन धडा शिकवू शकत नाही, कारण तो सोळा जणांचा बुडेल आणि मला पुन्हा शिकवावा लागेल. मग ‘उजळणी’. उजळणी म्हणजे काय हे कोणत्याही शिक्षकाला विचारा: पाढे लिहा, धडा उतरवून काढा, हाताची घडी तोंडावर बोट. खिडकीखाली स्पीकर लावलेला असतो, त्यावर कुठल्यातरी सिनेमाच्या गाण्याच्या त्याच चार ओळी सकाळभर फिरत असतात, आणि वर्गातली बावीस मुलं बाकावर बसल्या बसल्या खांदे उडवत असतात. निवड न झालेल्यांनाही नाच पाठ असतो, ही गोष्ट मला दरवर्षी टोचते.

निवड कशी होते? बाहेरून नाच बसवणारा येतो. एकसारख्या उंचीची मुलं पुढे, गोरीगोमटी त्याहून पुढे, हे तो तोंडाने म्हणत नाही, पण रांग बघितली की कळतं. कपड्यांचं भाडं चारशे-पाचशे रुपये. गेल्या वर्षी एका मुलीने दोन दिवस तालमीला जाऊन तिसऱ्या दिवशी सांगितलं, ‘बाई, मला नाचायला नाही आवडत.’ वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात मधल्या सुट्टीत ती इतर मुलींना तोच नाच शिकवत होती. मी भाडं भरायची तयारी दाखवली तर तिच्या आईला ते अपमानाचं वाटलं. आईचं बरोबरच होतं.

मुख्याध्यापकांना शिव्या घालून मोकळं होण्यात मात्र अर्थ नाही. मराठी शाळेचा पट दरवर्षी घसरतो. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याला कुठेतरी दूर पाठवतात, मग दोन वर्ग एकत्र बसतात, मग आणखी पालक पाय काढतात. पलीकडच्या इंग्रजी शाळेच्या गॅदरिंगला एलईडीची भिंत असते. इथलं स्टेज फिकं पडलं तर जानेवारीत पहिलीच्या चौकशीला कोण येणार, ही भीती खरी आहे. स्टेज ही आमची जाहिरात झाली आहे, आणि तिचा खर्च मुलांच्या तासांतून भरला जातो.

आता दुसरी बाजू, जिच्यासाठी खरं तर लेखणी उचलली. नाताळाआधीचे हेच आठवडे तिसरीच्या वर्गात शिकवायला वर्षातले सर्वांत चांगले, असं माझं मत आहे. पाऊस संपलेला, हवा कोरडी, मुलं आजारी कमी. पहिली ते चौथीचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवा असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं, त्याचा सगळ्यात जास्त फायदा डिसेंबरात होतो; इथे या दिवसांत सूर्यच सातच्या सुमारास उगवतो. जूनमध्ये हात धरून आणलेली मुलं आता वर्गात रुळलेली असतात. आणि त्यांच्या हातांना काहीतरी करायची खाज सुटलेली असते. ती खाज मी वापरते, एवढंच.

ताऱ्याचा कंदील घ्या. बांबूच्या कामट्या एका पालकांकडून चिरून आणल्या. पाच लांब कामट्यांचा एक सपाट तारा, असे दोन करायचे. दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाच टोकं बांधायची, आणि मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी बोटाएवढे तुकडे उभे अडकवायचे, म्हणजे ताऱ्याचं पोट फुगतं. एका कंदिलाला दहा लांब, पाच आखूड. लांब कामटी ३० सेंटिमीटरची, आखूड ६ ची. वर्गाचे सहा गट, गटाला एक कंदील. सगळ्यांचे मिळून किती तुकडे लागतील, हे फळ्यावर न लिहिता मी नुसतं विचारलं. एका गटाने साठ रेघा ओढून मोजायला घेतल्या. दुसऱ्या गटातली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, लांब मोजल्या की झालं. आखूड निम्म्या असतात, त्या मोजायच्याच नाहीत.’ हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग एकूण बांबू किती लागेल यावर गाडी गेली. लांब कामट्यांची बेरीज आली १८०० सेंटिमीटर. मुलं आकड्याला घाबरली, मग मीटर आठवला, मग ‘अठरा मीटर म्हणजे आपल्या व्हरांड्यापेक्षा लांब का?’ म्हणून सगळे टेप घेऊन व्हरांड्यात.

खरी मजा बांधताना झाली. एका गटाचा तारा काही केल्या जुळेना. एक टोक उघडंच राहायचं. दोरा घट्ट करून पाहिला, कामटी ओढून पाहिली, एकमेकांवर खापर फोडून झालं. शेवटी पाचही कामट्या बाकावर शेजारी शेजारी उभ्या केल्या तेव्हा एक जण ओरडला, ‘ही बुटकी आहे!’ कापणाऱ्याने पट्टीवर १ पासून ३० पर्यंत मोजलं होतं. कामटी २९ ची निघाली. पट्टी शून्यापासून वाचायची, हे मी जूनपासून सांगत आले आहे, वहीत लाल शाईने लिहिलंही आहे. त्या लाल शाईचा जेवढा परिणाम झाला नाही तेवढा एका न जुळणाऱ्या टोकाचा झाला. दुसऱ्या दिवसापासून त्या गटात पट्टी हातात घेतली की एक जण शून्यावर बोट ठेवून बसतो, बाकीचे मोजतात.

याच कामात एक मुलगा मला नव्याने कळला. दिवाळीनंतर मोखाड्याकडून आलेलं कुटुंब. आईवडील इथे बांधकामावर. दिवाळी संपली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबं वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर नाहीतर बांधकामावर उतरतात आणि त्यांची मुलं तिथल्या शाळेच्या पटावर आणि इथल्या वाऱ्यावर असतात. अशा मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून गावच्या शाळेने द्यायच्या हमीपत्रकाची सोय कागदावर आहे. या मुलाच्या हातात काही नव्हतं. आम्ही तसाच बसवून घेतला. वाचन अडखळत, बोलणं जवळजवळ नाहीच. कामट्या वाटल्या तेव्हा त्याने गठ्ठ्यातल्या चार उचलून बाजूला ठेवल्या. मी विचारलं तर बोलेना. नुसती एक कामटी घेऊन वाकवली, ती पेरावर मोडली. पेर टोकाशी आलं तर दोरा आवळताना तिथेच तुटणार, हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. नंतर तो गटागटात फिरून पेरं तपासत होता. ‘ही नको’, ‘ही चालंल’, ‘ही उलटी धर’. महिनाभरात त्याच्या तोंडून एवढे शब्द मी ऐकले नव्हते. त्याच संध्याकाळी मी त्याला कंदील बांधायच्या सहा सूचना कागदावर लिहायला दिल्या. चार लिहिल्या, त्यातल्या दोन वाचता आल्या. माझ्या दृष्टीने ती सुरुवात आहे. गॅदरिंगच्या सोळांत तो बसला नसता, त्याची कारणं वर आलीच आहेत.

कंदिलाला कागद चिकटवायची खळ आम्ही शाळेतच, पोषण आहाराच्या शेगडीवर शिजवली. मैदा आणि पाणी. मोरचूद घालत नाही, ते विषारी आणि मुलं बोटं चाटतात.

गोठ्यासाठी हिरवं गवत लागतं. ते घरोघरी धान्य पेरून उगवतात, तसं आम्ही वर्गात करवंट्यांमध्ये गहू पेरले. इथे मला शिकवायला फारसं काही उरलं नाही, कारण नवरात्रात घरी घट बसवणाऱ्या मुलांना सगळं ठाऊक होतं: माती भुसभुशीत हवी, पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. ख्रिस्ती मुलांच्या गोठ्याचं गवत हिंदू मुलांनी घटाच्या अनुभवावर उगवलं. रोज दुपारी उंची मोजून चौकटीच्या वहीत एकेक पट्टी रंगवायची, हा नेम. एक करवंटी मुद्दाम कपाटात बंद ठेवली. आठवड्याने कपाट उघडलं तर तिच्यातलं गवत सगळ्यांपेक्षा उंच, पण पिवळं आणि माना टाकलेलं. आलेखात तर तीच पट्टी सगळ्यात लांब! पहिला नंबर तिचा धरायचा की नाही यावर जी भांडणं झाली, तसलं विज्ञान मला पुस्तकातून शिकवता आलं नसतं. ‘उंच आहे पण आजारी आहे’ असा निकाल शेवटी बहुमताने लागला. त्याच्या खाली एकाने स्वतःच लिहिलं: ‘उजेड शोधायला ते उंच झालं.’

याच दिवसांत सावली मोजण्याचा एक सोपा उद्योग आहे, तो कुठल्याही शाळेला फुकटात करता येईल. मैदानात मीटरभर काठी उभी करायची आणि साडेबारा ते पाऊण या वेळात, सावली सर्वांत आखूड असते तेव्हा, ती मोजायची. वसईला डिसेंबरच्या सुरुवातीला ती ८७ सेंटिमीटरच्या आसपास भरते, नाताळाच्या तोंडावर ९२-९३. रोजची वाढ इतकी थोडी की मुलं आधी म्हणतात, ‘बाई, कालच्याइतकीच आहे.’ आठवड्याचे आकडे शेजारी ठेवले की मग डोळे उघडतात. सूर्य रोज थोडा खाली चालला आहे, २१-२२ डिसेंबरला थांबेल आणि परत फिरेल, हे फळ्यावरच्या गोलाने समजत नाही. नाताळाची सुट्टी संपवून आलं की काठी पुन्हा लावायची. सावली आखडायला लागलेली असते. आणि मे महिन्यात एके दुपारी ती पायाखाली नाहीशी होते, ते पाहायला नेमकी शाळा नसते. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, गणित दिन म्हणून साजरा करा असं परिपत्रक येतं. आम्ही त्या दिवशी सावलीची वही उघडतो, फोटोला हार घालून झाल्यावर.

शुभेच्छापत्रांचं थोडक्यात सांगते. चकचकीत कार्ड आणायला बंदी. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर एका नातेवाइकाला पाच ओळी. पाच ओळी सगळ्यांनी लिहिल्या. अडलं ते पत्त्यावर. तिसरीतल्या मुलांना स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही! ‘चर्चच्या मागे’, ‘केळीच्या वाडीत’, ‘रिक्षावाल्याला माहीत आहे’. पिनकोड तर कुणालाच नाही. दोन दिवस पत्त्यावर गेले. पालकांनी घरी एकदा विचारून पाहावं.

आणि नाटुकली. येशूजन्माची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे संवाद मुलांनीच लिहायचे असं ठरवलं. स्टेज नाही, माइक नाही, भाड्याचे कपडे नाहीत; डोक्याला पंचा बांधला की मेंढपाळ. बाक बाजूला सारून वर्गातच. धर्मशाळेत जागा नाही असं म्हणणाऱ्या माणसाला पुस्तकात एकच वाक्य असतं. ज्याच्या वाट्याला तो आला त्याने लिहून आणलं: ‘जागा नाही. वरच्या मजल्यावर लग्नाचं वऱ्हाड उतरलंय. खाली आचारी झोपलेत. तुम्ही आधी फोन का नाही केला?’ एका मुलीने नावनोंदणीच्या प्रसंगाला (योसेफ-मरिया नाव नोंदवायला बेथलेहेमला जातात तो) शंका काढली: एवढ्या लांब चालत जायचं कशाला, यांचं आधार कार्ड नव्हतं का? त्या शंकेवर मला जनगणना म्हणजे काय, राजाला माणसं कशासाठी मोजायची असतात, इथपर्यंत जाता आलं.

यात अभ्यास कुठे, असं विचाराल. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेच्या उद्दिष्टात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं आहे. त्यासाठी आम्ही घड्याळ लावून वाचून घेतो, आणि घड्याळ बघितलं की अडखळणारं मूल आणखी अडखळतं. तेच मूल आपल्या वाट्याचे संवाद दिवसातून दहा वेळा आपणहून वाचतं, कारण मागच्या बाकावरचा त्याला हसेल अशी धास्ती असते. पहिल्या दिवशी अक्षर अक्षर लावत वाचणारी दोन मुलं शेवटी मान वर करून बोलत होती. पाठ झालं म्हणून, असं कुणी म्हणेल. मीही तसंच समजले असते. म्हणून त्यांना दुसऱ्या गटाचे संवाद वाचायला दिले. पूर्वीपेक्षा सरळ वाचले. सगळ्यांच्या बाबतीत हा चमत्कार होत नाही, दोघांच्या बाबतीत झाला, तेवढंच लिहिते.

‘आमच्या मुलाला नाताळ कशाला?’ असा प्रश्न गेल्या काही वर्षांत येऊ लागला आहे. पूर्वी येत नव्हता. आषाढीला आमच्या वर्गातून दिंडी निघते, त्यात टाळ वाजवणारी निम्मी मुलं रविवारी चर्चला जाणारी असतात. भोंडल्याला पाटावरच्या हत्तीभोवती सगळ्या मुली फेर धरतात. तेव्हा कुणाच्या आईने चिठ्ठी पाठवली नाही. कंदील, गहू आणि सावली यांत प्रार्थना कुठेच नाही. नाटुकलीला एका घरातून नकार आला, तर तो मुलगा त्या वेळात सावलीच्या वहीचं मुखपृष्ठ करत बसला. ते त्याने सुंदर केलं आहे. विषय तिथे संपला. उगाच वाढवायचं कशाला.

सांताक्लॉजबद्दल मात्र माझंच मत वाईट आहे. टोपी, कापसाची दाढी आणि चॉकलेटची पिशवी घेऊन कुणी वर्गात आलं की पुढचे दोन तास गेले म्हणून समजा. मुलांना तो आवडतो, मान्य. चॉकलेटही आवडतं. सुट्टी लागायच्या दिवशी, शेवटच्या तासाला येऊ दे त्याला.

मग करायचं काय? गॅदरिंग बंद करा असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही, आणि मुलांना रंगमंच मिळायलाच हवा. पण पहिली ते चौथीचं गॅदरिंग दिवसाउजेडी, शाळेच्या मैदानात, वर्गात जे चाललं आहे त्यातूनच का होऊ नये? तिसरीची मुलं आपला कंदील कसा बांधला ते सांगतील, चौथीची आपली नाटुकली करतील, दुसरीच्या कविता तालासुरात होतील. त्यात अडतीसच्या अडतीस मुलं मावतात. बाहेरचा नाच बसवणारा हवाच असेल तर त्याने शाळा सुटल्यावर यावं, निदान सकाळचे पहिले दोन तास तरी सोडावेत. पहिल्या दोन तासांत स्पीकर वाजणार नाही, एवढा एक ठराव शाळा व्यवस्थापन समितीने केला तरी माझ्यासारख्या कितीतरी जणी दुवा देतील. समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात. पत्र लिहिणारे गृहस्थही उभे राहू शकतात.

शिक्षण खात्यालाही एक सांगणं आहे. दिवाळीनंतर माहितीच्या लिंक सुरू होतात, यूडायस प्लसपासून (शाळेची आणि मुलांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) कसल्या कसल्या. आज संध्याकाळपर्यंत भरा, तातडीचं, अतितातडीचं. आधी गॅदरिंग, वर लिंक. ज्या बाई मोबाइलवर माहिती भरत बसल्या आहेत त्यांच्या वर्गात पट्टी शून्यापासून धरली आहे की एकपासून, हे कोण बघणार?

पालकांना विनंती अशी की गॅदरिंगच्या दिवशी मोबाइल उंच धरून पुढे गर्दी करता, तसं डिसेंबरातल्या एखाद्या साध्या दुपारी वर्गात येऊन बसा. मूल नाचताना कसं दिसतं हे तुम्हाला माहीत आहे. भागाकारात ते कुठे अडतं, गटात बोलतं की गप्प बसतं, हे बघायला मिळेल. गेल्या वर्षी एक आजोबा आले होते, कंदिलाच्या गाठी शिकवायला. वाडीत पानवेल बांधणारा माणूस, गाठीत त्यांचा हात कोण धरणार! ‘घरी हा पोरगा माझं काही ऐकत नाही’ म्हणत ते सुट्टीपर्यंत थांबले.

संपादक महोदय, पत्र हाताबाहेर लांबलं आहे याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर सांताक्लॉज कापा. ३६ तासांचा हिशेब तेवढा ठेवा.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, वसई

ता. क. : सगळ्याच शाळांतल्या पालकांना सांगायचं राहिलं. गोठ्यासाठी मुलांबरोबर थर्माकोल पाठवू नका. २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोलही आला, तरी दरवर्षी कुणीतरी पांढरा डोंगर घेऊन येतंच. करवंट्या, पेंढा, जुनी वर्तमानपत्रं पाठवा. आपलं वर्तमानपत्रही चालेल. कागद जाड आहे, खळ चांगली धरतो.